हौदात उतरण्याआधी

"पप्पा, प्लीज. तीनच प्रश्न आहेत. नुसतं हो म्हणून टाका," सासऱ्यांच्या पांढऱ्या झग्याची बाही सरळ करत विनीता कुजबुजली.

"आधी प्रश्न तर ऐकू दे, बाई," पुरुषोत्तमराव म्हणाले.

इथंच तर सगळी गोची होती. तिसरा प्रश्न काय येणार, हे विनीताला पाठ होतं. अमेरिकेतल्या फ्रिस्कोच्या या चर्चचा नियमच तसा. बाहेरचा पाळक बाप्तिस्म्याच्या हौदात उतरणार असेल, तर पास्टरनं आधी त्याला विचारायचं: देवानं पृथ्वी सहा दिवसांत घडवली आणि तिला सहाच हजार वर्षं झाली, हे मानता ना? आणि हा नियम आणला कुणी? तिच्याच नवऱ्यानं. यतीननं भर मीटिंगमध्ये ठराव मांडून तो पास करून घेतला होता. एक दिवस आपला बापच त्यात अडकणार आहे, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं शहाण्याला!

पप्पा अकोल्याकडचे रिटायर्ड पाळक. पूर्णेच्या पात्रात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी गावंच्या गावं बाप्तिस्म्यासाठी बुडवून काढलेली. नातीचा बाप्तिस्मा आपल्या हातून व्हावा, एवढ्यासाठी या वयात विमानं बदलत आले होते. आणि आल्या आठवड्यातच म्युझियममध्ये डायनासोरच्या हाडांपुढे उभं राहून अनयाला म्हणाले, "बघ, किती कोटी वर्षांपासून देव कामाला लागलाय!" यतीननं पोरीचा हात धरून तिला बाहेर नेलं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं विनीतामार्फत. 'डाळ हवी का, विचार त्यांना.' वैतागली होती ती नुसती.

पडद्यापलीकडे सभागृहात गाणी सुरू झाली. अनया हौदाच्या पायरीशी झगा घालून उभी होती.

"मम्मा, आजोबाच करणार ना? आय डोन्ट वॉन्ट एनीवन एल्स."

"हो गं बाळा," विनीता म्हणाली. 

पास्टर डॅरेल आले. आडदांड, प्रेमळ माणूस. त्यांनी पप्पांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि यतीनला खूण केली. प्रश्न इंग्रजीत, उत्तरं मराठीत, मध्ये यतीन. खरं तर पप्पांना इंग्रजीचा शब्द न् शब्द कळायचा, फक्त जीभ वळायची नाही. हे यतीनलाही पक्कं माहीत होतं.

पहिले दोन प्रश्न सहज गेले. तिसरा यतीननं फरशीकडे बघत विचारला.

पप्पांनी पास्टरकडे बघितलं. विनीता डोळ्यांनी नुसती विनवत होती. म्हणा हो. एवढ्या वेळी म्हणा.

"सांग त्यांना," पप्पा म्हणाले, "जग देवानं केलं, याची मला कधी शंका आली नाही. बाकी सगळ्याची आली. रात्र रात्र झोप लागली नाही, इतकी आली. पण वर्षं विचाराल तर मला माहीत नाहीत. सहा हजार मात्र नक्की नाहीत. खडक तसं सांगत नाहीत, आणि खडकही त्यानंच केलेत."

संपलं सगळं! यतीनचे कान लालबुंद झाले. या माणसानं, नको असलेल्या फोनवर 'घरी नाहीत' एवढं खोटंसुद्धा कधी पोरीला बोलू दिलं नव्हतं. त्यानं एकदा अनयाकडे बघितलं.

"ही सेज येस," यतीन म्हणाला. "सिक्स डेज. सिक्स थाउजंड इयर्स."

"आमेन!" पास्टरनी पप्पांना जवळ घेतलं.

 खोटं तर खोटं, विनीताला आनंदच झाला. मग तिनं पप्पांकडे पाहिलं. ते मुलाकडे एकटक बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. गिळा ना पप्पा एवढं, ती मनात म्हणत होती. पोरीसाठी गिळा.

पप्पांनी पास्टरचा हात हलकेच बाजूला केला.

"पास्टर, माय सन लव्ह्ज मी. सो ही टोल्ड यू राँग." आणि मग अडखळत, शब्द गोळा करत, त्यांनी खरं उत्तर स्वतःच दिलं.

पास्टरचा चेहरा उतरला. ते वाईट नव्हते. कपाळ चोळत त्यांनी माफी मागितली, पण मग तुम्हाला हौदात उतरता येणार नाही, म्हणाले. यतीन उतरू दे, इथं किती तरी वडील आपल्या मुलांना बाप्तिस्मा देतात. मी आणखी एक गाणं म्हणायला लावतो. तोवर तयार व्हा. एवढं बोलून ते पडद्याबाहेर गेले.

अनया रडायलाच लागली. विनीतानं तिला पोटाशी धरलं आणि नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता, तोंड पांढरंफटक.

"यतीन, चल ना. लोक थांबलेत."

"मी नाही उतरणार."

"अरे, मग कोण उतरणार?"

"विनीता, देवाच्या घरात उभा राहून धडधडीत खोटं बोललो मी. आत्ता. ह्याच तोंडानं. आता कुठल्या तोंडानं पोरीला पाण्यात घेऊ?" आणि कितीतरी दिवसांनी तो सरळ बापाकडे वळला. "तुम्हीच सांगा ना, पप्पा."

"अरे वेड्या, कधीच खोटं न बोलणाऱ्यांसाठी बांधलाय का हा हौद?" पप्पा म्हणाले. "उतर."

आणि भिंतीचा आधार घेत ते खाली बसले आणि मुलाच्या बुटाची नाडी सोडू लागले.