पूल पडला त्या दिवशीचा पाऊस

युद्धाचा दिवसवार इतिहास छापायला जाण्याआधी त्यातली नोंद न् नोंद पडताळून पाहणं हे तिचं काम. वडील त्याच युद्धात लढलेले. पूल पडला त्या दिवशी मुसळधार पाऊस होता, असं ते सांगत. हवामानखात्याच्या नोंदीत मात्र कडक ऊन होतं.

"बाबा, तुमची काहीतरी गल्लत होतेय," ती म्हणाली आणि तिने इतिहासातून त्यांचं ते पावसाचं वाक्य काढून टाकलं.

"असेल बाई," ते म्हणाले. त्यानंतर शेवटच्या श्वासापर्यंत त्यांनी युद्धाचा विषय काढला नाही.

ते गेल्यावर कपडे आवरायला तिने कपाट उघडलं, तर त्यांचा जुना लष्करी कोट चिंब भिजलेला. शेजारचे कपडे मात्र खडखडीत कोरडे.

"छत गळत असेल," भाऊ म्हणाला. पण छतावर ओलीचा डागही नव्हता.

तिने कोट पिळून भर उन्हात वाळत घातला. संध्याकाळ झाली तरी तो ठिबकतच होता.

शेवटी तिने छापखान्यात फोन लावला. "एक वाक्य परत घालायचंय."

"ताई, पुस्तकं छापून गेलीसुद्धा."

फोन ठेवून ती कोटापाशी आली. "होता पाऊस, बाबा," ती हळूच म्हणाली. "पटलं मला."

कोटाचं ठिबकणं थांबलं. तिला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात तिच्या स्वतःच्या ओढणीच्या टोकातून पाणी गळू लागलं.