चिमटा

सासऱ्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला आणि घरात एकदम चार औषधं राहायला आली. "एकट्यादुकट्याचं काम नाही, चौघांनी मिळून रोगाला घेरायचं," असं डॉक्टर म्हणाले होते. गोळ्या द्यायचं काम सुनेकडे आलं. बाकीच्या गोळ्या ती सासऱ्यांच्या तळहातावर ठेवायची, पांढरी कॅप्सूल मात्र चिमट्याने उचलून वाटीत टाकायची.

सासूबाईंच्या डोळ्यांत ते खुपलं. "कॅन्सर काय हात लावल्याने लागतो का गं? एवढी किळस येते माझ्या नवऱ्याची?"

सुनेने चिमटा धुऊन जागेवर ठेवला. मागच्या वेळी ती घाईने सांगून बसली होती आणि मग कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांचं सांत्वन ऐकत राहिली होती. आता गप्प राहावं तर दगडाच्या काळजाची ठरत होती. रोग राहिला बाजूला, घेरली गेली होती ती.

"उद्यापासून हाताने द्यायची. माझ्यासमोर!" सासूबाईंनी फर्मान काढलं.

सकाळी ती पाण्याचा पेला घेऊन जड पावलांनी आली, तर सासरे कॅप्सूल गिळून मोकळे झाले होते.

"ही माझी मीच घेत जाईन," ते बायकोला म्हणाले. "बोटं चालतात अजून माझी."

 

बायकोची पाठ वळताच त्यांनी त्या कॅप्सूलचं खोकं हळूच फिरवलं आणि गर्भार बाईच्या चित्रावर लाल फुली छापलेली बाजू भिंतीकडे करून ठेवली.