स्पॉयलर

शंकू मांडून आखलेल्या वळणांतून गाडी पळवायची, अशी नीतूची ही पहिलीच शर्यत. भंडाऱ्याच्या प्रशिक्षकानं बजावलं होतं, "आधी टायर-ब्रेक नीट करा, हात बसवा. बाकी सगळं नंतर." तिच्या नवऱ्यानं, देवानंदनं, ते हसण्यावारी नेलं. "शिकून काय होते? गाडीत दम पायजे!" शिकवणी बंद करून त्यानं गाडीला मागच्या बाजूला पंखासारखा स्पॉयलर आणि कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावून घेतला.

सिहोऱ्याच्या मैदानावर दुसऱ्याच वळणाला गुळगुळीत टायर घसरले. गाडी शंकू चिरडत गरकन फिरली आणि धुळीत बंद पडली. देवानंद धावत आला. तिला लागलं का हे न विचारता त्यानं आधी स्पॉयलर पुसला, मग चारचौघांत ओरडला, "एवढं लावून देल्लं, तरी तुले जमत नाही काय?"

नीतूला त्याची शिसारी आली. खाली उतरून तिनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"मंग तुमीच एक चक्कर मारून दाखवा ना."

बघ्यांनी वाट करून दिली. देवानंद मागे सरकला.

"मी कसा मारू?" तो पुटपुटला. "मले कुठं गाडी चालवता येते?"