पाण्याची नळी

सकाळची पहिली नळी पुन्हा निळी झाली. तिच्यात कुणाचाही नमुना नव्हता, नुसतं पाणी होतं.

"पाण्यात माझी लेक कुठून आली?" सासूबाईंनी चष्मा काढून नळीवर वाकत विचारलं. घरी त्या सासूबाई, प्रयोगशाळेत प्रमुख. जावयाला सुट्टी अशी नव्हतीच.

नळीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण सोडले होते. एरवी लाल. प्रत्येक कणावर डीएनएचा धागा, शिवाय पेशीचं दार उघडून आत शिरायला पेप्टाइडची शेपटी. आत धाग्याला त्याचा जोडीदार भेटला की कण एकमेकांना बिलगतात आणि सगळं निळं होतं. पहिल्या चाचणीला नमुना त्याच्या बायकोनेच दिला होता. तिच्या डीएनएमधला एक दुर्मिळ तुकडा हेरून धागा त्याच्या मापाने घडवला. "बरं झालं, हरवले तर शोधता येईल," ती म्हणाली होती. मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. कणांना हे कुणी कळवलं नाही.

कोरं पाणी लाल राहिल्याशिवाय चाचणी रुग्णांपर्यंत पोचणार नव्हती. त्याला घाई नव्हती. गरज नसतानाही तो पाण्याच्या नळ्या लावायचा. शास्त्रात जिला चूक म्हणतात, तिला तो हजेरी म्हणू लागला होता.

"तुझा हा स्वेटर तिचा ना?" सासूबाई म्हणाल्या. "कधी धुतलास?"

"थंडी आहे, मॅडम."

"धुतल्याने ऊब जात नाही. धू."

त्याने धुतला. दोरीवर तो कुणाचाही स्वेटर असावा तसा लोंबत राहिला.

तो वाळल्यावर पुन्हा नळी लावली. सासूबाई जातीने हजर. चष्मा काढून वाकल्या. नळी निळी.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो दुर्मिळ तुकडा मुलीला कुणाकडून मिळाला असेल, हा प्रश्न आजवर दोघांनाही पडला नव्हता. दोघांची डॉक्टरेट याच विषयातली.

सासूबाई बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

त्याने टेबल पुसलं. नवे हातमोजे घातले, नवं पाणी घेतलं. थांबला. नळी लाल राहिली. पहिल्यांदाच सगळं बरोबर आलं होतं. खोलीत कुणीही नव्हतं, आणि आता त्याला पुरावाही होता.

त्याने दार उघडलं.

"आई, आत या," तो म्हणाला. "बिघडू दे."