मांजरानं दिलेला नकार

"कुणाचा म्हणून विश्वास बसणार नाही, पण ते पत्र आपल्या मांजरानं पाठवलंय," सासरे म्हणाले आणि खुर्चीत असे रेलले, जणू खटला निकालात निघाला.

सून जागची हलली नाही. मधल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर कॉलेजचं उत्तर उघडंच होतं. 'आपला नकार मिळाला. जागा दुसऱ्या उमेदवाराला देण्याचे ठरत आहे.' नकार तिनं दिलाच नव्हता. दातांच्या कॉलेजात कवळ्या बनवणाऱ्या विभागाची प्रमुख! आठ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली मेणाचे दात कोरत तिनं या एका जागेची वाट पाहिली होती. आणि काल संध्याकाळी तिच्याच मेलवरून, तिच्याच नावानं, कुणीतरी ती चार ओळींत परत करून टाकली होती. वर 'तसदीबद्दल क्षमस्व'.

क्षमस्व! ते वाचून ती अशी भडकली की शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी म्हणे पंखे वाढवले.

"मांजरानं?"

"मग काय! या डोळ्यांनी पाहिलं. कीबोर्डवरून इकडून गेलं, तिकडून आलं. मी शुक शुक करेपर्यंत गेलंसुद्धा पत्र."

"'घरगुती अडचणींमुळे' हे मांजरानं लिहिलं?"

"घरातलंच मांजर ते, सूनबाई. घरातल्या अडचणी त्याला नाही कळणार?"

एरवी या घरात यावर हशा पिकला असता. सासऱ्यांनी तरुणपणी बोटीचा भोंगा वाजवून वादळ परतवलं होतं आणि एका शिंकेत अख्ख्या बाजाराचे दिवे घालवले होते. पण आज कुणी हसलं नाही. सुनेला त्यांच्या तोंडातली कवळी तेवढी दिसत होती. तिनंच बनवलेली. इतकी चोख बसवलेली, की एवढी मोठी थाप मारतानाही जराही सुटत नव्हती.

"आणि पासवर्ड?" तिचा आवाज चढला. "एका कॉम्प्युटरवर चौघं बसतो म्हणून मुद्दाम चौदा अक्षरांचा ठेवला. कुठं लिहिला नाही, कुणाला सांगितला नाही. उठताना दर वेळी मेल बंद करून उठते. तोही मांजरानंच टाकला?"

सासरे कवळीवरून जीभ फिरवत राहिले. सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. नवरा हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता. त्याचा तेवढा तिला आधार होता. अर्ज भरताना तो रोज तिच्या खुर्चीमागे उभा राहायचा, खांद्यावर हात ठेवून. 'तू जा बिनधास्त, इकडचं मी बघतो,' म्हणायचा. सासऱ्यांनी मात्र पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं होतं.

"बाबा," नवरा म्हणाला, "आता खरं काय ते सांगून टाका."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "मीच लिहिलं. झालं समाधान? सून परगावी जाणार, आमच्याकडे कोण बघणार? दिला नकार."

"तुमच्या तोंडात दात मी बसवले," ती ओरडली, "आणि तुम्ही माझ्याच तोंडचा घास काढून घेतलात? चोरून? माझी पत्रं उघडून?"

"हो. चुकलं माझं."

"चुकलं म्हणून चालणार नाही. कॉलेज अजून उघडं आहे." तिनं उघडा मेल बंद केला आणि कॉम्प्युटरसमोरची खुर्ची फरफटत ओढली. "बसा इथं. तो नकार तुम्ही पाठवला होता, असं आत्ताच्या आत्ता लिहा. माझ्याच मेलवरून. मी बंद केलाय तो. काल उघडलात तसा उघडा. टाका पासवर्ड!"

सासरे उठले. खुर्चीत बसले. वादळ परतवणारा तो माणूस एक बोट उगारून कीबोर्डकडे बघत राहिला. बोट एका अक्षरावर गेलं, मागे आलं. दुसऱ्यावर गेलं, हवेतच थांबलं. मग त्यांची मान हळूहळू भिंतीकडे, मुलाकडे वळली.

सासूबाईंनी सुई खाली ठेवली.

"अहो, पोराच्या तोंडाकडे काय बघताय? काल पासवर्ड तुम्हीच टाकलात ना?"