पुसलेला ठिपका

आग लागली तर इमारत किती वेळात रिकामी होईल, हे आमचं सॉफ्टवेअर दाखवतं. प्रत्येक रहिवाशाचा एक ठिपका असतो.

आज आत्याची इमारत माझ्याकडे आली. आत्या चौथ्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेली. तिच्या एकटीपायी आराखडा नापास होत होता. शेवटी मी तिचा ठिपका पुसून टाकला.

"बसलं एकदाचं गणित!" साहेब खूश झाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

पडद्यावर सगळे ठिपके फाटकापाशी पोचले आणि थांबले. मग मागे वळले, जिना चढले आणि आत्याच्या खोलीत शिरले.

फोन वाजला. आत्याच होती.

"अगं, एवढी माणसं कशाला पाठवलीस? बोलत कोणीच नाही. सगळी नुसती मान खाली घालून उभी आहेत."