ताडपत्रीचं माप

मानवतचे डॉक्टर माधवराव पटकीच्या साथीत फटफटीवरून सोनपेठला गेले आणि तिथंच वारले. फटफटी तेवढी बैलगाडीतून परत आली. अंगणात ती गंजू नये म्हणून त्यांच्या पत्नीनं, पद्मजाबाईंनी, ताडपत्र्या शिवणाऱ्या बन्सीधरला बोलावलं.

त्यानं दोन नमुने आणले. "मेणकापड उन्हानं तडकतंय, बाई. ही जाड ताडपत्री घ्या. धा वर्षं काय बी होत न्हाई."

बाईंनी ताडपत्री निवडली. बन्सीधरनं माप घेतलं आणि चार दिवसांनी खोळ शिवून आणली. पण घातल्यावर ती जमिनीपासून दीड हात वरच राहिली. फटफटीच्या बैठकीवर कापड उंच उचललं गेलं होतं.

"माझंच चुकलं," तो ओशाळून म्हणाला. त्यानं फटफटी पुन्हा मोजली. माप पहिलंच आलं. तरी त्यानं खोळीला खालून रुंद पट्टी जोडली.

दुसऱ्या सकाळी खोळ जमिनीला टेकली. बैठकीवरचा उंचवटा मात्र तसाच होता.

"आत हवा धरली असंल," म्हणत त्यानं तो वरून दाबला. कापडाखाली काहीतरी घट्ट आणि ऊबदार लागलं. त्याला हात काढायचंही सुचेना.

पद्मजाबाई जवळ आल्या. त्यांनी कापडाची चुणी हलकेच सारखी केली.

"बन्सीधर, समोरून थोडी उघडी ठेवता येईल का?" त्यांनी हळूच विचारलं. "गुदमरायला होत असेल."

दोघांच्या देखत उंचवट्यासमोरचं कापड आत ओढलं गेलं, आणि सावकाश पुन्हा फुगलं.